पंख्यांचा आवाज आणि हजेरीपट: ओपनबीएमसीच्या प्रकल्प नोंदी

शनिवार, ७ जून २०२५

सर्व्हर घरात आला. दोन युनिट उंचीचा, दोन सॉकेटचा, २०१७ सालच्या पिढीतले झिऑन प्रोसेसर असलेला. गुंडाळलेल्या एका ऑफिसातून भंगारवाल्याकडे आणि तिथून माझ्याकडे. मावसभावाला बोलावून तिसऱ्या मजल्यावर चढवला. नारायण पेठेतल्या जुन्या जिन्यांना वळणावर श्वास घ्यायला जागा नसते, हे सामान हातात असताना जास्त जाणवतं.

चालू केला तेव्हा ठीक होता. मग त्यात माझ्याकडचं जुनं दहा गिगाबिटचं नेटवर्क कार्ड बसवलं आणि सहाही पंखे पूर्ण वेगात सुटले. बोर्डाच्या मूळ फर्मवेअरला, म्हणजे चिपमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरला, हे कार्ड ओळखीचं नाही. ओळखीचं नाही म्हणजे तापत असणारच, असं धरून ते पंखे शंभर टक्क्यांवर नेऊन ठेवतं. बदलायला सेटिंग नाही. बोर्डाचे अपडेट येणं कधीच बंद झालंय. दुरून स्क्रीन बघायची तर जुनी जावा शोधून घालावी लागते.

दहा मिनिटांत खालच्या आजी वर. "अरे, गिरणी टाकलीस की काय घरात?" मी सांगितलं, आजी, यातल्या बीएमसीचं काम करायचंय, मग होईल गप्प. "बीएमसी? मुंबई महापालिकेचं काम तू इथे बसून करतोस?" त्या हसत होत्या, पण दुपारी दोन ते चार मशीन बंद ठेवायचं कबूल करून घेऊनच खाली गेल्या.

बीएमसी म्हणजे मुख्य बोर्डावर बसवलेला वेगळा, छोटा संगणक. माझ्या बोर्डावर तैवानच्या एस्पीडची एएसटी २५०० चिप आहे: ८०० मेगाहर्ट्झचा एक एआरएम कोअर, स्वतःची रॅम, स्वतःची ३२ एमबी फ्लॅश. सर्व्हर बंद असला तरी वायर भिंतीत आहे तोवर स्टँडबाय विजेवर ही चिप जागी असते. वाड्याच्या देवडीवर पहारेकरी बसायचा तशी. मालक झोपले तरी हा जागा, दार उघडणार हा, आत कोण तापलंय ते बघणारही हाच. आणि हाच माझं ऐकत नाही.

ठरलं: मूळ फर्मवेअर काढून ओपनबीएमसी हे खुलं फर्मवेअर घालायचं. या बोर्डासाठी त्याची तयार आवृत्ती नाही, सर्किटचा नकाशाही नाही. एक गोष्ट पथ्यावर पडली. एएसटी २५००मध्ये बूट होताना सही तपासणारं हार्डवेअर नाही, ते २६००पासून आलं. म्हणजे माझी इमेज चिप निमूट चालवेल.

रविवार, ८ जून

बिल्डसाठी रोजचा डेस्कटॉप: आठ कोअर, ३२ जीबी रॅम, उबुंटू २४.०४. डिस्कवर शंभर जीबी मोकळी केली. कागदावर पन्नासात भागतं, पण योक्टोचं, म्हणजे छोट्या उपकरणांसाठी लिनक्स बांधणाऱ्या हत्यारसंचाचं, पोट मला माहीत आहे.

नवशिक्यांसाठी दोन ओळी. ओपनबीएमसी म्हणजे एक प्रोग्रॅम नव्हे, ते योक्टोवर रचलेलं अख्खं लिनक्स वितरण आहे. बिटबेक हा त्यातला बांधणारा प्रोग्रॅम रेसिपी (काय कसं बांधायचं याच्या कृती) वाचतो, सोर्स उतरवतो, आधी क्रॉस कंपायलर बनवतो आणि मग त्या कंपायलरने बाकी सगळं. रेसिपी लेयरमध्ये लावलेल्या असतात: फॉस्फर नावाचा लेयर सगळ्यांना समान, एस्पीडचा चिपपुरता, आणि वर ज्याच्या त्याच्या बोर्डाचा. फेसबुकने आपल्या स्विचसाठी केलेलं काम आणि आयबीएमने ओपनपॉवर सर्व्हरसाठी केलेलं काम, दोन्ही ओपनबीएमसी याच नावाने वेगवेगळं सुरू झालं होतं. मार्च २०१८मध्ये लिनक्स फाउंडेशनखाली फेसबुक, गूगल, आयबीएम, इंटेल आणि मायक्रोसॉफ्ट एकत्र आले. मी वापरतोय ते त्या सामाईक झाडातलं.

सुरुवात रोम्युलस या मशीनपासून, कारण त्यातही एएसटी २५०० आहे आणि क्यूएमूमध्ये, म्हणजे दुसऱ्या मशीनचं सोंग घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ते हुबेहूब चालवता येतं. सेटअप, मग बिटबेक, आणि पहिल्याच मिनिटाला नकार: यूजर नेमस्पेस (प्रोग्रॅमला वेगळ्या कप्प्यात चालवायची कर्नलची सोय) वापरता येत नाही, बहुधा ॲपआर्मर या सुरक्षा यंत्रणेमुळे. खरंच तसं होतं. २४.०४पासून उबुंटूने साध्या वापरकर्त्याच्या नेमस्पेसवर निर्बंध घातला आहे, आणि कंपाइल होताना एखाद्या टास्कने चोरून इंटरनेटवर जाऊ नये म्हणून बिटबेकला तीच सोय लागते. कर्नलमधला तो निर्बंध या मशीनपुरता उठवला.

दुपारी एकला लावलेलं बिल्ड रात्री सात वाजले तरी चालूच. जेवून येतो.

गुरुवार, १२ जून

गुरुवार. सकाळी दहाला वीज गेली. पेठेत राहून मी हे विसरावं! दुरुस्ती गुरुवारी, पाणी बंद तेही बहुधा गुरुवारीच. रविवारचं बिल्ड क्रोमियमच्या टॅबांनी रॅम खाल्ल्यामुळे मेलं होतं, ते आज सकाळी पुन्हा लावलं होतं आणि यूपीएस राउटरला जोडलेला.

संध्याकाळी परत लावलं तेव्हा योक्टोबद्दल पहिल्यांदा प्रेम वाटलं. पूर्ण झालेल्या प्रत्येक टास्कचा निकाल तो एसस्टेटमध्ये ठेवतो, त्यामुळे गाडी जिथे थांबली होती जवळपास तिथूनच निघाली. वीज जाताना अर्धवट लिहिलेली एक रेसिपी तेवढी साफ करून पुन्हा बांधावी लागली. सोर्स आणि एसस्टेट या दोन्ही फोल्डरांची जागा बिल्डच्या बाहेर हलवली. आता बिल्ड फोल्डर रागाने उडवलं तरी दिवस वाया जाणार नाही. एका वेळी चालणाऱ्या टास्कही आठवरून सहावर आणल्या.

शनिवार, १४ जून

इमेज तयार. क्यूएमूमध्ये रोम्युलस उभं केलं, एसएसएच आणि वेबचे पोर्ट माझ्या मशीनवर वळवले. दोन मिनिटांत लॉगिन.

आणि पासवर्ड चालेना. पाच वेळा. मग डोळे फाडून वाचलं: रूटचा ठरलेला पासवर्ड ओपनबीएमसी हाच आहे, पण त्यातलं पहिलं अक्षर ‘ओ’ नाही, शून्य आहे. या शून्याने जगभर किती तास खाल्ले असतील!

आतलं जग आवडलं. सगळं डी-बसवर, म्हणजे प्रोग्रॅमांनी एकमेकांशी बोलायच्या वाटेवर. प्रत्येक सेन्सर, प्रत्येक पंखा, पॉवरची स्थिती, सगळे डी-बसवरचे ऑब्जेक्ट. कोणती वस्तू कोणत्या सर्व्हिसकडे आहे हे मॅपर सांगतो. बाहेरच्या जगाशी बोलायला बीएमसीवेब, ते याच वस्तू रेडफिश या सर्व्हर दुरून सांभाळायच्या प्रमाण पद्धतीत मांडतं. म्हणजे तापमान वाचणाऱ्याला वेब माहीत नाही आणि वेबला आयटूसी (बोर्डावरच्या चिपा जोडणारी बस) माहीत नाही. बसकटल या कमांडने डी-बसचं झाड उघडून अर्धा तास नुसता फिरलो. मावसभाऊ म्हणाला, "दादा, हे तू चालवतोयस ते खोट्या मशीनवर ना?" हो रे बाबा.

शुक्रवार, २० जून

आज पालख्या पुण्यात. दुपारनंतर पेठेबाहेर पडणं अशक्य, म्हणून सकाळीच तपकीर गल्ली गाठली. हवं होतं: सिरियल जोडायला ३.३ व्होल्टचं यूएसबी-टीटीएल, जंपर वायरी, आणि सोळा पायांच्या फ्लॅशवर बसणारी क्लिप. पहिल्या दोन गोष्टी पहिल्या दुकानात. क्लिपसाठी सहा दुकानं. सगळीकडे आठ पायांची. सहाव्या दुकानातल्या काकांनी खणात हात घालत विचारलं, "सोळा पायांची कशाला लागते? लॅपटॉपला आठचीच असते." सर्व्हर म्हटल्यावर त्यांनी आणखी खालचा खण उघडला. मिळाली.

फ्लॅश वाचणारा-लिहिणारा प्रोग्रॅमर माझ्याकडे आहे, तो स्वस्तातला काळा सीएच३४१ए. भोसरीतल्या मित्राला फोन केला तर तो ओरडलाच. "त्या काळ्याच्या डेटाच्या पायांवर पाच व्होल्ट येतात. तुझी फ्लॅश ३.३ची. जाळशील." त्याने स्वतःच्या प्रोग्रॅमरची चिप ३.३वर चालेल अशी जोडणी बदलून घेतली आहे, तो देतो म्हणाला.

संध्याकाळी लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी उभा राहिलो. टाळांचा आवाज असा की सर्व्हरचा पंखा म्हणजे काहीच नाही.

रविवार, २२ जून

काहीही लिहिण्याआधी मूळ फर्मवेअरची प्रत. मशीनची वायर काढली, क्लिप लावली, फ्लॅशरॉमने वाचलं. पुन्हा वाचलं. दोन्ही फाइलींचा चेकसम, म्हणजे ताळ्याचा आकडा, वेगळा. तिसऱ्यांदा वाचलं, तिसराच आकडा.

मित्र समोर बसून चहा पीत होता. त्याचं निदान असं: क्लिपमधून फ्लॅशला वीज दिली की तीच वीज मागच्या वाटेने बोर्डात शिरते, बीएमसी अर्धवट जागी होते आणि तीही फ्लॅश वाचायला बघते. एका तोंडाने दोघं बोलणार. त्यात माझ्या वायरी वीतभर लांब. वायरी चार बोटांच्या केल्या, प्रोग्रॅमरचा वेग कमी केला, क्लिप पुसून पुन्हा बसवली. मग सलग तीन वाचनं सारखी आली. प्रत तीन ठिकाणी ठेवली, त्यातली एक मित्राकडे.

मग दिवसातलं सगळ्यात मजेचं काम. नकाशा नसताना पॉवरचं बटण कोणत्या जीपीआयओवर (चिपच्या चालू-बंद पायावर) आहे हे कसं शोधायचं? सिरियल लावून मूळ यू-बूटमध्येच, म्हणजे कर्नलच्या आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, थांबलो. तिथे मेमरी बघण्याची कमांड असते. जीपीआयओची रजिस्टरं १ई७८०००० या पत्त्यापासून सुरू होतात. बटण सोडून एकदा छापली, मावसभावाला बटण दाबून धरायला सांगून एकदा छापली, आणि दोन कागद शेजारी ठेवले. एकच बिट हललेलं. ई गटातलं दोन नंबर. रीसेटचं बटण दाबलं, ई गटातलं शून्य.

आनंद एवढ्यासाठी की या चिपमध्ये ई-शून्यमधून ई-एक आणि ई-दोनमधून ई-तीन अशी हार्डवेअरमधली आरपार वाट आहे. बीएमसी रीबूट होत असली तरी समोरचं बटण चालावं म्हणून. म्हणजे बटण ई-दोनवर असेल तर सर्व्हरला चालू करणारी तार ई-तीनवर असणार. मल्टिमीटर लावला, तसंच.

शनिवार, २८ जून

स्वतःचा लेयर, स्वतःचं मशीन. डिव्हाइस ट्री, म्हणजे बोर्डावर काय कुठे जोडलंय याची कर्नलला द्यायची यादी, रोम्युलसची उचलून कापाकापी केली. जीपीआयओंना नावं दिली, म्हणजे पॉवर सांभाळणाऱ्या एक्स८६-पॉवर-कंट्रोलला आकड्यांऐवजी नावाने तारा सापडतील.

दोन चुका लिहून ठेवतो, दोन्हींनी मिळून चार तास घेतले.

पहिली: जुन्या माहितीत पॅकेज जोडायला अधोरेखा लावून ‘अपेंड’ लिहिलेलं असतं. २०२१च्या ऑक्टोबरमधल्या योक्टो ३.४पासून तिथे विसर्गासारखी दोन टिंबं लागतात. ती लावली. तरी बिल्ड म्हणे असं पॅकेजच नाही, आणि नाव दाखवलं ते दोन पॅकेजं चिकटून झालेलं लांबलचक. अपेंड स्वतःहून मध्ये जागा सोडत नाही. अवतरणचिन्हानंतर पहिली मोकळी जागा आपणच टाकायची. एक स्पेस.

दुसरी: तपासणीला बरं म्हणून पायथन, टीसीपीडंप असं सगळं भरलं. बिल्ड शेवटच्या पायरीवर आपटलं, इमेज मावत नाही. हिशेब कागदावर मांडल्यावर कळलं. ३२ एमबीपैकी यू-बूट आणि त्याचं एन्व्हायर्नमेंट मिळून अर्धा, कर्नल सव्वाचार, लिहिण्याजोगा भाग चार. उरले सव्वातेवीस, त्यात स्क्वॉशएफएसमध्ये दाबून बसवलेली अख्खी सिस्टिम, वेब पानं धरून. पायथनला या घरात जागा नाही. आयटूसीची हत्यारं तेवढी ठेवली.

रविवार, २९ जून

पहिल्यांदा लिहिलं. सिरियलवर यू-बूट, मग कर्नल, मग सिस्टमडीच्या हिरव्या ओळी. मी उभा राहिलो होतो हे नंतर लक्षात आलं.

नेटवर्क मात्र मेलेलं. व्यवस्थापनाच्या जॅकमध्ये वायर घातली, दिवा लागेना. कारण माझंच: रोम्युलसमध्ये बीएमसीचं पहिलं इथरनेट एनसीएसआयवर आहे, म्हणजे मुख्य नेटवर्क चिपच्या खांद्यावर बसून जाणारं. माझ्या बोर्डावर मागचा वेगळा जॅक दुसऱ्या इथरनेटला, आरजीएमआयआयवर जोडलेला. डिव्हाइस ट्रीत दुसरं चालू केलं, त्याचे पाय आणि एमडीआयओ दिले, दिवा लागला.

मग प्रत्येक रीबूटला राउटर नवीनच आयपी देऊ लागला. जुना मॅक पत्ता यू-बूटच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये होता, तो मी पूर्ण इमेज लिहिताना पुसला. आता दर वेळी बीएमसी नवं नाव घेऊन उठत होती. मूळ प्रतीतून पत्ता शोधला, स्टिकरशी ताडून पाहिला आणि परत लिहिला. प्रत घेतल्याचा पहिला फायदा एका आठवड्यात.

रेडफिशवरून सर्व्हर चालू केला. ई-तीनवर तार हलली आणि पंखे पूर्ण वेगात. अर्थात. पंखे चालवणारं अजून कोणीच नाही.

शनिवार, ५ जुलै

सेन्सर. मूळ फर्मवेअरने दिलेल्या सेन्सरच्या यादीत पत्ते होते: हेक्स ९०, ९२, ९४. आयटूसी-डिटेक्टने बघितलं तर तिथे कोणी नाही. आयटूसीचा पत्ता सात बिटांचा, आठवं बिट वाचायचं की लिहायचं ते सांगतं. काही लोक आठही बिटं धरून पत्ता लिहितात. ९० अर्धा केला की ४८, आणि ४८ हे टीएमपी७५ या तापमान मोजणाऱ्या चिपचं माहेरच. तीनही सापडले, एक मात्र आठ फाट्यांच्या मक्सपलीकडे. मक्सच्या फाट्यांना डिव्हाइस ट्रीत ठरीव नंबर दिले, नाहीतर बसचे नंबर बूटगणिक बदलले तर सगळी मांडणी कोसळते.

एंटिटी मॅनेजरला जेसॉनमध्ये सांगायचं: या बोर्डावर अमुक बसवर, अमुक पत्त्यावर टीएमपी७५ आहे, नाव हवा-आत, इशारा इतक्यावर. डीबस-सेन्सर्स ते वाचून स्वतः ड्रायव्हर जोडतं. संध्याकाळी वेब पानावर आकडा उमटला: आत येणारी हवा २७ अंश. बाहेर पाऊस. सहाही पंख्यांचे आरपीएम दिसतात. उद्या पीआयडी, म्हणजे तापमान बघून पंख्यांचा वेग ठरवणारा कंट्रोलर.

रविवार, ६ जुलै, आषाढी

सकाळी फॉस्फर-पीआयडी-कंट्रोलची मांडणी केली. एक झोन, सहा पंखे, हवा-आत हा सेन्सर, लक्ष्य ३५ अंश. सर्व्हिस सुरू केली.

पंखे गप्प झाले.

खरंच गप्प. महिन्याभरात पहिल्यांदा खोलीत भिंतीवरचं घड्याळ ऐकू आलं. मी मावसभावाला हाक मारली, त्याने टाळी दिली, आम्ही साबुदाण्याची खिचडी खायला बसलो. सर्व्हरवर तेव्हा एक मोठं कंपाइल चालू होतं.

वीस मिनिटांनी कंपाइल का रखडलंय म्हणून बघितलं. प्रोसेसर ९६ अंशांवर, स्वतःचा वेग कमी करत तग धरून. पंख्यांचे आरपीएम: शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य, शून्य. हात पुढे केला तर मागून झळ. वायरच खेचली.

चूक समजायला संध्याकाळ गेली, आणि या अख्ख्या प्रकल्पात मला जर काही कळलं असेल तर ते हेच. किमान वेगाच्या जागी मी शून्य ठेवलं होतं, ती साधी चूक. खरी गोम वेगळी. या कंट्रोलरमध्ये फेलसेफ आहे. एखादा सेन्सर दिसेनासा झाला की झोन थेट ठरवलेल्या मोठ्या वेगावर जातो. तो का नाही लागला? कारण प्रोसेसरचा सेन्सर मी यादीत घातलाच नव्हता. हजेरीपटावर ज्याचं नाव आहे त्याचीच गैरहजेरी लागते. वर्गात नसलेल्या मुलाबद्दल मास्तर काय विचारणार? आत येणारी हवा २७वर छान होती, माझ्या कंट्रोलरच्या लेखी सगळं छान होतं.

महिनाभर मी ज्या मूळ फर्मवेअरला शिव्या घातल्या ते निदान एवढं तरी करत होतं: जे मला दिसत नाही त्याच्यासाठी मी ओरडणार. माझं त्याच्याहून वाईट निघालं. माझ्या फर्मवेअरला दिसत नव्हतं आणि तरी ते गप्प होतं.

मंगळवार, ८ जुलै

रात्री दोन तास. प्रोसेसरचं तापमान पीईसीआय या एका तारेवरून येतं. गंमत म्हणजे प्रोसेसर ‘मी ६० अंशांवर आहे’ असं सांगतच नाही. कमाल मर्यादेपासून मी किती खाली आहे, हे तो ऋण आकड्यात देतो, अंशाच्या चौसष्टाव्या भागांत. मर्यादा वेगळी विचारायची आणि वजाबाकी ड्रायव्हर करतो. कर्नलमध्ये पीईसीआय चालू केलं, एंटिटी मॅनेजरमध्ये दोन झिऑन लिहिले, पत्ते हेक्स ३० आणि ३१. दोघेही हजर.

किमान वेग तीस टक्के, फेलसेफ शंभर. नेटवर्क कार्डाला स्वतःचा सेन्सर नाही, म्हणून तिसरा टीएमपी७५, जो नेमका त्या खाचांजवळ आहे, तोही पटावर घेतला.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा, त्यात गुरुवार. साडेनऊला वाटलं, दहाच्या आत नवी इमेज चढवून होईल. रेडफिशवरून इमेज पाठवली, रीबूट दिला. स्थिर मांडणीत इमेज आधी रॅममध्ये थांबते आणि खरं लिखाण रीबूटच्या अगदी शेवटी होतं. ते चालू असताना, नऊ त्रेपन्नला, वीज गेली.

संध्याकाळी सिरियलवर एक अक्षर नाही.

बोर्डावर दुसऱ्या फ्लॅशची जागा आहे, पाय सोडलेले आहेत, चिप मात्र बसवलेली नाही. ती असती तर पहिलं बूट अडकल्यावर वॉचडॉगने (अडकलेली चिप रीसेट करणाऱ्या टायमरने) दुसऱ्या चिपवरून उठवलं असतं. पाचपन्नास रुपये वाचवले कोणीतरी. मित्राला मेसेज केला, त्याने फक्त "गुरू भेटला" एवढंच लिहिलं.

शनिवार, १२ जुलै

क्लिप, चेकसम, लिखाण, बूट. आता सवयीचं. यूपीएस राउटरवरून काढून इकडे लावला.

बाहेर उघडण्याआधीची आवराआवर. आयपीएमआय, म्हणजे सर्व्हर दुरून सांभाळायची जुनी पद्धत, नेटवर्कवरून बंद. हा प्रोटोकॉल १९९८चा, २.० आवृत्ती २००४ची, आणि तिच्या ओळख पटवण्याच्या पद्धतीतच भोक आहे: विचारणाऱ्याची ओळख पटण्याआधीच सर्व्हर पासवर्डचा हॅश त्याच्या हातात देतो, मग त्याने तो घरी बसून निवांत फोडावा. पॅचने हे जात नाही, कारण प्रोटोकॉलच तसा आहे. २०१५पासून रेडफिश आहे, मला तेवढं पुरतं. दुसरं, २०१९च्या जानेवारीत जाहीर झालेली पँट्सडाउन ही कमजोरी. एस्पीडच्या या पिढ्यांत मुख्य सर्व्हरवरचा प्रोग्रॅम एका पुलावरून थेट बीएमसीच्या मेमरीत उतरू शकतो. तो पूल माझ्या यू-बूटमध्ये बंद आहे ना, हे सर्व्हरच्या बाजूने प्रत्यक्ष वाचून बघितलं. बंद आहे. शून्यवाला पासवर्ड बदलला.

घड्याळ: वायर काढली की बीएमसी मागच्याच कुठल्यातरी तारखेला उठते आणि ब्राउझर म्हणतो, या प्रमाणपत्राची तारीख अजून यायची आहे. नेटवर्कवरून वेळ घेणारं एनटीपी दिलं.

शनिवार, १९ जुलै

पीआयडीचे आकडे जुळवण्यात दिवस गेला. गुणांक थोडा चढवला की पंखे श्वास घेतल्यासारखे वर-खाली, उतरवला की कंपाइल सुरू झाल्यावर जागे व्हायला उशीर. चढताना लगेच आणि उतरताना सावकाश, या बेताने थांबलो. रिकामा असताना पंखे तीस टक्के, प्रोसेसर ४४ अंश. पूर्ण भारावर ६५ टक्के, ७१ अंश. दार लावलं की शेजारच्या खोलीत आवाज येत नाही.

आजी जिन्यात भेटल्या. त्यांना १९९१चा परम ८००० हा महासंगणक आठवतो, तेव्हा पेपरात फोटो आला होता म्हणाल्या. "तो गणेशखिंडीला होता म्हणून बरं. तुझ्यासारखा कोणी पेठेत घेऊन आला नाही."

गुरुवार, ३१ जुलै

पॉवर परत आल्यावर सर्व्हर आपोआप सुरू व्हावा असं रेडफिशमध्ये ठेवलंय. आज सकाळी पावणेदहाला स्वतःच रीतसर बंद केला. दहाला वीज गेली, एकला आली. क्रम असा: दोन मिनिटं बीएमसीचं बूट, मग सर्व्हर चालू, आणि प्रोसेसर उठून पीईसीआयवर बोलेपर्यंत सेन्सर गैरहजर, म्हणून फेलसेफ. साधारण एक मिनिट सहाही पंखे शंभर टक्क्यांवर. मग उतरतात.

सेन्सर नसला तरी चालेल, असं लिहायची सोय मांडणीत आहे. त्याने हे मिनिट गप्प करता आलं असतं. लिहिलं होतं, पुसलं. फक्त आजींना काय वाटेल म्हणून खाली सांगायला गेलो की गुरुवारी एक मिनिट आवाज येईल, तेवढा सोसा.

"अरे, तो आला की मी पंपाचं बटण दाबते," आजी म्हणाल्या. "दुपारी डोळा लागलेला असतो, लाइट आलेली कळत नाही. बंद करू नकोस तो."

राहिलेलं: पॉवर सप्लायचे सेन्सर, दुसरी फ्लॅश डकवणं, मित्राचा प्रोग्रॅमर परत देणं.